एका बंदावर

सांवेर रोडच्या शेडमध्ये माझं टेबल शेवटचं,
डिंकाच्या कढईच्या पलीकडे.
हुद्दा: तपासनीस.
काम: पिशव्या फाडणं.
पगार त्याचाच मिळतो
हे आईला अजून पटलेलं नाही.

गेंदालालनं शिलाई मशीनच्या मोटारीला
सायकलचं पेडल जोडून झटक्याचं यंत्र केलंय.
पिशवीत साडेतीन किलो हरभरे,
वर, खाली, वर, खाली,
मी पाटीवर रेघा ओढते, पाच-पाचच्या जुड्या.
दोनशे झाले की पास.
आधीच बंद सुटला तर
सुटलेली जागा बोटानं चाचपते:
कागद फाटला, की डिंकानं हात सोडला?
डिंक सुटला तर कागद कोरा राहतो,
जसं काही झालंच नाही.

कागदालाही उभं-आडवं असतं.
गिरणीत ज्या दिशेनं धावला
त्या दिशेनं निमूट, सरळ फाटतो;
आडवा फाडा, वाकडा जातो, हट्ट करतो.
बिडवईसाहेब म्हणतात, दिशा बघून कापा.
युसूफ म्हणतो, दिशा बघितली
तर एका रिळामागे चाळीस पिशव्या कमी.
साहेब मग चहा मागवतात.

श्रावणात तक्रार आली:
भुट्ट्याच्या किसाचे चार डबे
टोरी कॉर्नरला रस्त्यावर.
त्याच मालाच्या बारा पिशव्या माझ्या पाटीवर पास.
मी हरभऱ्यांऐवजी वाळू भरली,
डब्यांत उकळतं पाणी घालून झाकणं सैल ठेवली.
वाफेनं तळ मऊ पडला, पोट सुटलं,
तरी दोनशे.

तेव्हा रात्री अकराला सराफ्यात गेले.
सोन्याची दुकानं मिटलेली,
त्यांच्याच पायऱ्यांवर कढया.
गराडूवाल्याच्या मागे उभं राहून
मी कुणाचं तोंड पाहिलं नाही,
फक्त हात.

एक बाई: कडेवर पेंगुळलेलं पोर,
खांदा आणि कानाच्या मध्ये मोबाईल,
आणि आमची पिशवी करंगळीत.
एकाच बंदात.
दुसरा बंद बाजूला कलंडलेला,
बोलण्यात लक्ष नसलेल्या माणसासारखा.

मोजायला लागले. बावीस जणांत नऊ.
वर स्कूटरचा हूक; तो तर एकच घेतो
आणि खड्ड्याखड्ड्याला विचारतो, आहेस ना?

आम्ही शेडमध्ये दोन्ही बंद जुळवून
आकडीला लावत होतो,
लग्नाच्या फोटोत हात ठेवायला लावतात तसे.

सकाळी गेंदालालला म्हटलं, एक सोड.
"मैडम, एक से तो फटेगी."
"फटने दो."
एकसष्टला फाटली.
कुणी काही बोललं नाही.
युसूफनं कात्री खाली ठेवली.

बंदाखालची पट्टी दोन बोटं रुंद झाली,
डिंकाच्या दोन रेघांच्या तीन,
कागद दिशा बघून.
पिशवीमागे अकरा पैसे वाढले.
अकरा पैशांवर तीन दिवस बैठक चालली.

परवा एम. वाय.च्या फाटकातून
आमची पिशवी आत जाताना दिसली.
तळाला अजून कालच्या तेलाचा डाग,
वर थर्मास, घडी केलेलं लुगडं,
एक्स-रेचा मोठा लिफाफा कोपऱ्यातून डोकावणारा.
माणूस स्ट्रेचरच्या बाजूनं
जवळजवळ धावत होता;
एका हातात उंच धरलेली सलाईनची बाटली,
दुसऱ्यात पिशवी.
एका बंदावर.

सवयीनं मोजू लागले.
सतरा पावलं.
मग दार आलं, त्यानं कोपरानं ढकललं,
पिशवी चौकटीवर आपटली
आणि ते आत गेले.
पुढचं मला मोजता आलं नाही.

आज वाळू साडेचार किलो केली.
साहेबांनी विचारलं, कुणी मागितलं?
म्हटलं, बघू या तरी.
गेंदालालनं पेडल लावलं.